मोटर काढायला कप्पी लावली तरी जोर तेवढाच लागतो, मदत हवी आहे

तापीकाठ, यावल
विहीर ६० फूट, पाणी ३० फुटांवर. पाणबुडी मोटर ५ एचपी, वजन ७० किलो, वर अडीच इंची काळा पाइप. तीन लोखंडी पाइपांचं तिकाटणं उभं करून वर एक कप्पी टांगली. ओढायला हलकं तर नाहीच, उलट जडच वाटतं. कप्पीनं काम सोपं होतं ना? चुकतंय कुठे?

फिटरभाऊ
भाऊ, वर टांगलेली एकच कप्पी फक्त दिशा बदलते. वर ओढायच्या ऐवजी खाली ओढता, अंगाचा भार कामी येतो, बस. घर्षण वर तुमच्याच डोक्यावर.

आधी वजन धरा. एनआरव्ही (पाणी उलट खाली जाऊ न देणारी झडप) असेल तर पाइपात पाणी अडकून राहतं. पाण्याच्या पातळीखालचं पाणी मोजू नका, ते तरंगून जातं. वरच्या ३० फुटांचं साधारण २८ किलो, पाइप १० किलो, मोटर ७०. मोटर पाण्याबाहेर निघते तेव्हा ११० च्या आसपास, आणि तोच सगळ्यात जड क्षण. एका कप्पीवर ओढ लागते १२० पर्यंत. तिकाटण्यावर वजन आणि ओढ दोन्ही मिळून २३० किलो येतात, म्हणून पाय सरकतात. तिन्ही पाय खालून साखळीनं बांधा.

दुसरी कप्पी वजनासोबत वर येणारी लावा. दोराचं टोक वर तिकाटण्याला बांधा, तिथून खालच्या कप्पीतून, मग वरच्या कप्पीवरून हातात. ११० चे निम्मे ५५, घर्षण धरून ६५ लागतील. दोर मात्र दुप्पट ओढावा लागेल.

तापीकाठ, यावल
दोर घेताना काय पाहू?

फिटरभाऊ
पीळ दिलेला नको, विणलेला १६ मिमी घ्या. पीळवाला वजन आलं की उलगडतो, खालची कप्पी गरगरते आणि दोन्ही दोर एकमेकांत गुंततात. ६० फुटांत हे हमखास होतं.

चाकधाव
एवढ्या खोलीला मी कप्प्यांपेक्षा हातरहाट सांगेन, म्हणजे हातानं दांडा फिरवून दोर गुंडाळायचा रूळ. बैलांच्या मोटेचं चाकसुद्धा नाडा (मोटेचा दोर) वळवायलाच असायचं, बैलांचं ओझं हलकं करायची ती उतरती धाव, म्हणजे त्यांची चालायची वाट.

सहा इंच व्यासाचा, दोन फूट लांब रूळ, १८ इंची दांडा. दोराची जाडी धरून फायदा साडेपाच पट. ११० किलोला हिशोबानं २०, प्रत्यक्षात २५ किलोचा जोर. दोन दांडे लावले तर दोन माणसांत सहज. रूळ दोन फुटांपेक्षा आखूड घेऊ नका. ६० फुटांना ३५ वेढे होतात, ते एकाच थरात बसले पाहिजेत. वेढ्यावर वेढा चढला की रूळ जाड होतो आणि जोर वाढत जातो.

दातेरी चाक आणि खटका लावल्याशिवाय दांड्याला हात लावू नका. हात सुटला की दांडा उलटा फिरून मनगट मोडतो.

तापीकाठ, यावल
३५ वेढे म्हणजे हात किती फिरणार?

चाकधाव
सव्वातीनशे फूट. जोर वाचला, फेरे वाढले. आणि दोर मोटरच्या कडीला बांधा. केबलला धरून ओढलं की जोड आतून सुटतो, बाहेरून कळतही नाही. आधी स्टार्टरचे फ्यूज काढून खिशात ठेवा.