गादी झिजली म्हणून लगेच दुर्बीण नको

भाऊ, रावेरला वडिलांच्या गुडघ्याची गादी झिजलीय आणि डॉक्टर छोट्या छेदातून दुर्बीण घालून ती ‘साफ’ करू म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय. कूर्चेला, म्हणजे या गादीला, रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ती भरून येत नाही हे खरं. पण साफ करूनही नवी उगवत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात गुडघे झिजलेल्या काही रुग्णांवर खरी, तर काहींवर नुसते छेद देऊन खोटी शस्त्रक्रिया केली होती. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक नव्हता! गुडघा मधेच अडकत असेल, सरळच होत नसेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर आधी काही महिने नेमाने मांडीचे व्यायाम, वजन कमी, आणि केळीच्या बागेत उकिडवं बसणं बंद (ऐकणार नाहीत, ठाऊक आहे). एमआरआय काढला असेल तर तो घेऊन जळगावला दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरला दाखवा.