ब्लू मून अन् धोंड्याचा महिना

भाऊ, तुम्ही विचारलं का 'वन्स इन अ ब्लू मून' ह्या इंग्रजी वाक्प्रचारात चंद्र खरंच निळा होते का, तर नाही, एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या का दुसरीले ब्लू मून म्हणतात, रंग तोच राह्यते. पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस, महिना ३०-३१ चा, म्हणून अडीचेक वर्षातून एकदा असं जमते. ऑगस्ट २०२३ आठवा, राखीपौर्णिमेचा चंद्र ब्लू मूनच होता अन् त्याच वर्षी अधिक श्रावण, म्हणजे आपला धोंड्याचा महिनाही आला होता, तोही असाच बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येते. मी गावातल्या पोट्ट्यायले हे असंच सांगतो, लगेच समजते त्यायले. म्हणून 'वन्स इन अ ब्लू मून'चा अर्थ एवढाच का क्वचित, कधीमधी.

पण मंग 'दुष्काळात तेरावा महिना' त्याले जोडू नका हं, तेरावा महिना तोच, अर्थ मात्र संकटात आणखी संकट. शब्दाले शब्द लावला का घोळ होतेच. तसंच 'कॉल इट अ डे' ह्या इंग्रजी वाक्प्रचारात कोणाले बोलवायचं नाही, निंदण करता करता दिवस बुडाला का आपण म्हणतो ना, चला, आज इतकंच, तेच ते.