थायरॉइडचा कॅन्सर : आधी आयोडीन स्कॅन की सरळ पेट-सीटी?

खानापूरकर :
माझ्या आत्याचं थायरॉइड गेल्या महिन्यात काढलं, वय ५८, पॅपिलरी (थायरॉइडचा नेहमी आढळणारा, सावकाश वाढणारा प्रकार) कॅन्सर निघाला, मानेतल्या दोन गाठींतपण होता. आता आयोडीन स्कॅन सांगितलाय. चुलतभाऊ म्हणायलाय पैसे जाऊदेत, सरळ पेट-सीटी करूया, सगळ्या अंगाचं एकदाच कळतंय. मला हे पटत नाही. पॅपिलरीच्या पेशी मूळच्या थायरॉइडच्याच, त्या आयोडीन ओढतात, म्हणून आयोडीन-१३१ म्हणजे किरणोत्सारी आयोडीनचा लहान डोस देऊन काय उरलंय ते बघता येतं आणि उरलंय म्हटलं तर त्याच आयोडीनचा मोठा डोस देऊन जाळता येतं. पेटमध्ये एफडीजी म्हणजे साखरेसारखं किरणोत्सारी औषध देतात, ते जास्त ओढणाऱ्या पेशी चित्रात चमकतात, पण सावकाश वाढणारी पॅपिलरी त्यात दिसेलच असं नाही. आणि पेटबरोबर कॉन्ट्रास्ट (सीटीचं चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध) घातला तर पुढचं आयोडीनचं कामच लांबतंय.

निपाणीची सून :
दादा, तुमचं म्हणणं अर्धंच खरं आहे. माझ्या सासऱ्यांचा आयोडीन स्कॅन दोनदा स्वच्छ आला आणि रक्तातलं थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशीच तयार करतात ते प्रथिन, काढल्यावर चढलं तर कॅन्सर उरल्याची शंका) मात्र चढतच होतं, आम्ही स्कॅन क्लिअर आहे म्हणून वर्षभर गप्प बसलो, शेवटी पेट-सीटीत फुप्फुसात ठिपके दिसले. कॅन्सर रागीट झाला की आयोडीन ओढायचं सोडतो आणि साखर ओढायला लागतो. त्यात तयारीचे हाल वेगळेच. चार आठवडे थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड काढल्यावरची रोजची हार्मोनची गोळी, बंद, पाय सुजलेले, भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायचे. दूध नाही, अंडं नाही, मासे नाहीत, मीठसुद्धा बिनआयोडीनचं. नात पास झाली म्हणून कुंदा आणला तर खव्याचा म्हणून तोपण तोंडात घालता आला नाही त्यांना. पेटला काय, सहा तास उपाशी राहिलं की झालं.

खानापूरकर :
वहिनी, सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. पण थायरोग्लोब्युलिन चढलंय आणि आयोडीन स्कॅन कोरा आहे तेव्हा पेट, हे मलापण मान्यच आहे की. पहिल्याच पायरीला नको एवढंच म्हणणं.

चिकोडीकर :
दोघंही स्कॅनवरच अडकलाय. स्टेज मुख्यतः ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टवर आणि वयावर ठरते. ५५ च्या आतल्या माणसाच्या पॅपिलरीची स्टेज, फुप्फुसात गेला तरी २ च्या पुढं जात नाही. स्कॅन लागतो तो लांब कुठं पसरलाय काय ते बघायला. आणि मेड्युलरी (थायरॉइडमधल्याच पण आयोडीन न ओढणाऱ्या पेशींचा कॅन्सर) असेल तर आयोडीन स्कॅनचा काहीच उपयोग नाही, तिथं गॅलियम-६८ डोटाटेटसारखं दुसरंच किरणोत्सारी औषध देऊन केलेले वेगळे पेट. आणखी एक, नुसत्या सपाट स्कॅनवर थांबू नका, शंका आली तर स्पेक्ट-सीटी जोडून मागा, त्यात डाग नेमका कुठं आहे ते तिन्ही बाजूंनी कळतं. माझ्या आईच्या मानेजवळ डाग दिसला, आम्ही रात्रभर जागे, दुसऱ्या दिवशी बघितलं तर वेणीला लागलेली लाळ, आयोडीन लाळेतूनपण बाहेर येतंय ना.

निपाणीची सून :
मान्य, पण ५८ वर्षांच्या बाईला महिनाभर गोळी बंद ठेवणं मला सोसत नाही. गोळी बंद करतात ती टीएसएच, म्हणजे पेशींना आयोडीन ओढायला लावणारं हार्मोन, वाढावं म्हणून; त्याऐवजी टीएसएच वाढवायचं इंजेक्शन येतं, दोन दिवस दोन, महाग आहे पण विचारून बघा तरी.

चिकोडीकर :
खानापूरकर, ऑपरेशनच्या आधी मानेचा सीटी झालता काय, कॉन्ट्रास्ट घालून?

खानापूरकर :
झालता की. फाईल काढून बघितली, पाच आठवडे झालेत त्याला.

चिकोडीकर :
मग थांबा. त्या कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीनच असतं, ते अंगातून जायला दीड-दोन महिने धरतात, आत्ता स्कॅन केला तर पेशी आधीच भरलेल्या, खोटा स्वच्छ रिपोर्ट येईल. ते गेलंय काय हे लघवीतलं आयोडीन तपासून कळतं.

खानापूरकर :
तारीख सोमवारची आहे. गोळी बंद करून बारा दिवस झालेत तिची. आत्ताच डॉक्टरांना फोन लावतो.