चार वेजचा हट्ट कशाला?

भाऊ, गोल्फच्या पिशवीत चार वेज (जवळून चेंडू उंच उडवायचे क्लब, म्हणजे काठ्या) पाहिजेतच हे तुमचं म्हणणं मला नाही पटत. आधी पिचिंग वेजचा, म्हणजे सेटमधल्याच वेजचा, लॉफ्ट (पात्याचा तिरपेपणा) पाहा. हल्लीच्या बऱ्याच सेटमध्ये तो ४३-४४ अंश असतो. तिथून थेट ५६ अंशांची वेज म्हणजे मधे मोठं खिंडार. ५०ची घातली की भागलं. १४ क्लबांच्या मर्यादेत चौथ्या, ६०च्या वेजसाठी हायब्रिड (लांब फटक्याचा क्लब) का सोडायचा?

आपल्याकडे खरा विचार बाउन्सचा, म्हणजे वेजचा तळ धारेच्या किती खाली उतरतो त्याचा, करा. पऱ्हाटी निघालेल्या वावरात सराव करणाऱ्या आमच्या पोट्ट्यांना मी हेच सांगतो. उन्हाळ्यात काळी जमीन टणक होते. जास्त बाउन्सचा सोल (तळ) तिच्यावर आपटून उसळतो, धार चेंडूच्या पोटावर बसते आणि चेंडू ग्रीनपार (भोकाभोवतीच्या हिरवळीपलीकडे) जातो. पावसाळ्यात तीच माती मऊ, तेव्हा कमी बाउन्सचं पातं रुतून बसतं. म्हणून दोन्ही जमिनींची सोय ठेवा: ५० कमी बाउन्सची घ्या, ५६ जास्तीची.