घरगुती उपाय नेमके किती, कसे आणि कुणाला नाही? मोजमापासकट सल्ला हवा आहे

कृष्णकमळ

सर्दी-खोकला, जुलाब, बद्धकोष्ठ, छातीतली जळजळ या नेहमीच्या तक्रारींसाठी एक तक्ता करून औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून लावायचा आहे. 'थोडं मीठ', 'चिमूटभर सोडा', 'मधाचं चाटण' असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण चमचा केवढा, पाणी किती, दिवसातून कितीदा, हे कुणीच लिहीत नाही.

घरात दोन प्रौढ, ८ वर्षांची मुलगी, १० महिन्यांचं बाळ आणि सासूबाई. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी आणि रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिन चालू आहे. शिवाय ड जीवनसत्त्व, लोह आणि हळदीच्या कॅप्सूल घ्याव्यात का, हाही प्रश्न आहे. जाणकारांनी प्रमाणासकट लिहावं ही विनंती.

समप्रमाण

तक्त्यात सगळ्यात वर चमचा लिहा. स्वयंपाकघरातले चमचे ३ मिलीपासून ८ मिलीपर्यंत कसलेही असतात. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारं ५ मिलीचं माप त्याच कपाटात ठेवा आणि नेहमी सपाट भरा, वर सुरीची पाठ फिरवून. मी खाली 'चमचा' म्हणेन तो हाच.

आता जुलाब. सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात महागही इथल्याच पडतात. पहिली पसंती ओआरएसच्या पुड्याला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात एका लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. पुड्यावर जितकं पाणी लिहिलंय तितक्यात अख्खा पुडा एकदम घालायचा. अर्धा पुडा अर्ध्या पाण्यात करू नका, कारण पुड्यातले क्षार एकसारखे मिसळलेले नसतात आणि कुठल्या अर्ध्यात काय जास्त गेलं ते कळत नाही.

पुडा नसेल तर १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं, सगळी युक्ती एवढीच. म्हणूनच 'ताकद यावी' म्हणून साखर वाढवली की ती आतड्यात उरते, उलट पाणी बाहेर ओढते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम चढतं, आणि ते फार धोक्याचं. चव घेऊन बघा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नवीन करा. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं. घरच्या मिश्रणात पोटॅशियम नसतं, तेव्हा पुडा मिळाला की त्यावर या. बाटलीबंद फळांचं पेय याला पर्याय नाही, त्यात साखर फार आणि सोडियम अगदी कमी.

प्रत्येक पातळ शीनंतर २ वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली, २ ते १० वर्षांच्या मुलांना १०० ते २०० मिली, मोठ्यांना तहान असेल तितकं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. मुलांना जोडीला जस्त: ६ महिन्यांच्या पुढे रोज २० मिलीग्रॅम, १० ते १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण करायचं. त्याचा डोस डॉक्टरांकडून एकदा पक्का करून घ्या.

नस्यवाला

समप्रमाण यांना अनुमोदन. मी सर्दीचं घेतो.

नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्यानं धुण्याइतका सोपा आणि उपयोगी उपाय दुसरा नाही. ५०० मिली पाण्याला पाऊण सपाट चमचा बारीक मीठ, म्हणजे सुमारे ४.५ ग्रॅम. हे ०.९ टक्क्याचं द्रावण झालं, रक्ताइतकंच खारट, म्हणून चुरचुरत नाही. मीठ आयोडीन नसलेलं बरं. पाव चमचा खायचा सोडा घातला तर आणखी सौम्य होतं. जाडं मीठ चमच्यात कमी बसतं, तेव्हा ते वापरणार असाल तर वजन करा.

पाणी हा यातला सगळ्यात गंभीर भाग. नळाचं पाणी नाकात थेट कधीच नाही, साध्या फिल्टरचंही नाही. खळाखळा उकळी आल्यावर १ मिनिट (२००० मीटरपेक्षा उंचावर ३ मिनिटं) उकळायचं आणि झाकून कोमट होऊ द्यायचं. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा गोड्या पाण्यात असू शकतो. पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून मेंदूत पोचला तर जवळपास नेहमीच जीव जातो. क्वचित घडतं, पण १ मिनिटाच्या उकळीनं टळतं.

बेसिनवर पुढे वाका, डोकं एका बाजूला कलतं, तोंड उघडं ठेवून तोंडानंच श्वास. वरच्या नाकपुडीत हळूहळू १०० ते १२० मिली सोडा, खालच्या नाकपुडीतून बाहेर येईल. मग दुसरी बाजू. दिवसातून १-२ वेळा पुरे. भांडं रोज धुऊन कोरडं करायचं.

घसा दुखत असेल तर २४० मिली कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून ३-४ वेळा गुळण्या. खोकल्याला मध, झोपायच्या अर्धा तास आधी: १ ते ५ वर्षं अर्धा चमचा, ६ ते ११ वर्षं १ चमचा, त्यापुढे २ चमचे. तुमच्या बाळाला मात्र मध अजिबात नाही, चाटणातूनही नाही आणि शिजवूनही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात, ते साध्या उकळीनं मरत नाहीत. १ वर्षाखालच्या आतड्यात ते रुजतात आणि त्यांच्या विषानं स्नायू लुळे पडतात.

आणि पातेल्यातली वाफ मुलांना देऊ नका. फायद्याचा पुरावा तोकडा आहे, उकळतं पातेलं मांडीवर कलंडून भाजण्याचा धोका मात्र खरा आहे. निलगिरीचं तेल किंवा कापूर मुलांच्या हाताला लागता कामा नये, थोडंसं पोटात गेलं तरी झटके येऊ शकतात.

कृष्णकमळ

दोघांचेही मनापासून आभार, इतकं नेमकं पहिल्यांदाच वाचलं. दोन शंका. ओआरएस पाजल्यावर मूल लगेच उलटी करत असेल तर? आणि नाक धुतल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात, ते कशामुळे?

समप्रमाण

उलटी झाली की १० मिनिटं थांबा. मग दर २-३ मिनिटांनी एकच चमचा, घड्याळ लावून. कंटाळवाणं काम आहे, पण पेल्यानं पाजलेलं उलटून पडतं आणि चमच्यानं दिलेलं बरंचसं टिकतं. बाळाला ६ तासांत लघवी नाही, डोळे खोल गेलेत, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसते, मूल मलूल आहे, शीतून रक्त येतंय किंवा पाणी टिकतच नाही, यातलं एकही दिसलं तर घरी थांबू नका.

नस्यवाला

कानाचं कारण बहुधा जोर. बाटली जोरात दाबली किंवा नंतर एक नाकपुडी बंद करून शिंकरलं की पाणी कानाकडच्या नळीत चढतं. धुऊन झाल्यावर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकं शिंकरा. नाक पूर्ण बंद असेल तर पाणी रेटायचं नाही. कान दुखत असताना धुणं बंदच.

धोतरा_नको

बद्धकोष्ठाला इसबगोल, फक्त मोठ्यांसाठी लिहितोय. पहिले ३-४ दिवस रात्री १ चमचा, मग १ मोठा चमचा (१५ मिलीचा, साधारण ५ ग्रॅम). २४० मिली पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी एक पेला पाणी. ढवळून ठेवलं की त्याची लापशी होते आणि घशाशी अडकते. पाणी कमी पडलं तर आतड्यातही तोच प्रकार: बद्धकोष्ठ वाढतं. एकदम जास्त घेतलं की गॅस धरतो, आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. परिणाम १२ ते ७२ तासांनी येतो, तेव्हा पहिल्या सकाळी 'लागू पडलं नाही' म्हणून दुप्पट करू नका. इतर गोळ्यांपासून २ तास दूर. गिळायला त्रास होत असेल तर नको.

सोनामुखी रात्री घेतली की ६ ते १२ तासांत काम करते. ती अडीअडचणीला, सलग आठवड्याच्या वर नाही. मॅग्नेशियमची औषधं मूत्रपिंडाच्या रुग्णांनी स्वतःहून घेऊ नयेत.

लेबलवाचक

सासूबाईंसाठी स्वतंत्र तक्ता करा, एकच सगळ्यांना चालणार नाही.

हळदीच्या कॅप्सूल त्यांना नकोत. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन (हळदीतला मुख्य सक्रिय घटक) जेमतेम ३ टक्के असतं. ५०० मिलीग्रॅमच्या '९५ टक्के' कॅप्सूलमध्ये ते साधारण १५ ग्रॅम हळदीइतकं असतं, म्हणजे जेवणातल्या हळदीशी तुलनाच नको. त्यात मिरीचा अर्क घातलेला असेल तर शोषण वाढतंच, शिवाय इतर औषधांचा निचरा करणाऱ्या यकृतातल्या विकरांनाही तो अडवतो. वॉरफॅरिनबरोबर रक्तस्रावाची भीती आहे. धडधाकट माणसांतही अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अश्वगंधेच्या अर्काबद्दलही तेच. लसूण आणि गिंको यांच्या कॅप्सूलही वॉरफॅरिनवर टाळा. के जीवनसत्त्व असलेलं मल्टिव्हिटॅमिन उलट गोळीचा असर कमी करतं.

खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळायची सवय असेल तर तीही सोडवा. त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीर सोडियम धरून ठेवतं आणि पोटॅशियम टाकतं. रक्तदाब चढतो, आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पोटॅशियम आणखी घसरतं.

ड जीवनसत्त्वाचा ६०,००० युनिटचा डोस आठवड्याला एक असतो. तो रोज घेतला जाणं ही नेहमीची चूक आहे. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ, तहान, बद्धकोष्ठ सुरू होतं आणि मूत्रपिंडावर बेततं. पाकिटावर पेननं वार लिहून ठेवा. सल्ल्याशिवाय रोज घ्यायची मोठ्यांची वरची मर्यादा ४००० युनिट. बाळाच्या थेंबांत काही बाटल्यांत १ मिलीला ४०० युनिट असतात, काहींत ८००. बाटली बदलली की मात्रा पुन्हा वाचा.

लोह तपासणीशिवाय नको, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) दोन्ही बघा. २०० मिलीग्रॅम फेरस सल्फेटच्या सुक्या गोळीत प्रत्यक्ष लोह ६५ मिलीग्रॅमच असतं, तुलना त्याच आकड्याची करा. चहा, कॉफी आणि कॅल्शियमपासून २ तास लांब. गोळीनंतर हेप्सिडिन (लोहाचं शोषण रोखणारं संप्रेरक) वाढतं आणि पुढच्या दिवशीचं शोषण घटतं, म्हणून एक दिवसाआड घेतलेलं अनेकांना चांगलं लागू पडतं आणि पोटही कमी बिघडतं. शौचाला काळं होणं अपेक्षित आहे. डबी मात्र कुलपात, लहान मुलानं मूठभर गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेततं.

सर्दी झाल्यावर सुरू केलेल्या क जीवनसत्त्वानं फरक पडत नाही. नियमित घेणाऱ्या मोठ्यांत सर्दीचा काळ सुमारे ८ टक्के घटतो, एवढंच. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी प्रयोगशाळेला सांगा, थायरॉइडचे आकडे त्यानं खोटे येतात.

आणि लेबलवरचा 'एका मात्रेत' हा शब्द बघा. बऱ्याचदा एक मात्रा म्हणजे २ किंवा ३ गोळ्या असतात.

समप्रमाण

जळजळ राहिली. खायचा सोडा मोठ्यांसाठी अर्धा चमचा, १२० मिली पाण्यात, पूर्ण विरघळल्यावर, कधीतरीच. तुडुंब जेवल्यावर नाही, कारण आम्लाशी मिळून एकदम गॅस होतो. अर्ध्या चमच्यात ६०० मिलीग्रॅमच्या वर सोडियम आहे, म्हणून सासूबाईंना नाही. रोजच त्रास असेल तर जेवण आणि झोप यांत ३ तास ठेवा, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंमीचे ठोकळे द्या आणि डाव्या कुशीवर झोपा. उशा रचू नका, पोट दुमडून दाब वाढतो. पुदिन्याचं तेल इथे उलटं काम करतं, अन्ननलिकेची झडप सैल पाडतं.

मोठ्या माणसाला छातीत दाबल्यासारखं होत असेल, कळ जबड्याकडे किंवा हाताकडे जात असेल, घाम सुटला असेल तर सोडा देऊन वाट बघू नका, लगेच रुग्णवाहिका बोलवा. गिळताना अडकणं, काळी डांबरासारखी शी (लोह चालू नसताना), किंवा कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर.