पिशवी काढायला परवानगी लावून काय साधलं?

सीनाकाठ: बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, यावरून २०१९ साली गदारोळ झाला. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या सरकारी चौकशी समितीच्या वेळी ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हापासून जिल्ह्यात पिशवी काढायची तर खासगी डॉक्टरला आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. माझ्या मते हा बांध भलत्याच जागी घातलाय. पाळीत बाई बसली की कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, बंद, वर खाड्याचा दंड, तोही उचलीत, म्हणजे मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशात, धरणार. राहायच्या पाचटाच्या झोपडीला, कोपीला, ना संडास ना न्हाणी. कपडा धुवायचा कशात, वाळवायचा कुठे? अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं तिथूनच सुरू होतं. खाडा तसाच, कोपी तशीच. अडवलं कुणाला, तर बाईला.

काढेवाले: बाईला नाही, डॉक्टरला अडवलंय. अशा दुखण्याला बहुतेकदा औषधं पुरतात. तरी सोनोग्राफी समोर धरून ‘पुढे कॅन्सर होईल’ असं घाबरवलं जायचं. तिशीत पिशवीबरोबर बीजकोशही गेले की पाळी जाण्याचे सगळे त्रास लगेच मागे लागतात, हाडं ठिसूळ होतात. परवानगीचा कागद नको म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

सीनाकाठ: औषध देणार कोण? दिवाळीच्या सुमाराला टोळी कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात. आशाताई गावातच राहतात.

काढेवाले: मग कारखान्यावर तपासणी मागा. परवानगीची अट कशाला उठवता?

कोपीतली: तुम्ही दोघंही बाईला बिचारी करून ठेवता. माझ्या चुलतीनं स्वतःहून काढली. तीन लेकरं, नसबंदी झालेली, म्हणाली ‘आता ही कटकट कशाला सांभाळू?’

सीनाकाठ: ठरवलं तिनं, कबूल. पण दुसरा इलाज कुणी सांगितला होता का?

कोपीतली: नाही. सरकारी दवाखान्यात दोन खेपा मारल्या, बाईडॉक्टर भेटली नाही. ऑपरेशनला मुकादमाकडूनच पैसे घेतले, म्हणजे पुढचा हंगामही त्याच्याकडेच. पाळीचा खाडा सुटला, पण कंबर गेली. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकची शिडी चढवत नाही तिला. ट्रक भरायला आता थोरली जाते, आठवीतून काढून.

तरी विचारलं की म्हणते, बरं केलं.