जुनी अठ्ठावीस इंची आणि ७००सी

आजोबांच्या अठ्ठावीस इंची चाकांच्या काळ्या सायकलला ७००सी (आजच्या रोड आणि हायब्रिड सायकलींचं नेहमीचं माप) चाकं बसवून ऑफिसला वापरा, हा सल्ला मला अर्धाच पटला. फ्रेम दणकट असते, चेनकव्हरमुळे पँटला ग्रीस लागत नाही, हे खरं. पण चाकांचं एवढं सरळ नाही. जुन्या टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ४०-६३५ असं काहीतरी असतं, ७००सीवर ३५-६२२. दुसरा आकडा म्हणजे रिमवर टायर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. त्यामुळे टायरची अदलाबदल होतच नाही.

शिवाय जुन्या सायकलचे सळईचे ब्रेक रिमला आरांच्या बाजूने दाबतात. ७००सीची रिम सहसा कडेने धरायच्या ब्रेकसाठी असते. म्हणजे ब्रेकही बदला! चालवणं हलकं करायचं असेल, तर त्यापेक्षा मागे दोन दात जास्त असलेली फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) टाका. चेनला एखादी कडी वाढवावी लागेल, पण चढ सुसह्य होतो.